पिशवीच्या ऑपरेशननंतर डोकं जागेवर नाही वाटतंय? आधी डिस्चार्ज कार्ड काढून बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की गर्भाशयाची पिशवी काढून दीड महिना झाला, टाके सुकले, चालणं-फिरणं सुरू झालं, पण डोकं काही जागेवर येत नाहीये. दूध ठेवलेलं लक्षात राहत नाही, बोलता बोलता साधा शब्द सापडत नाही, मुलीच्या शाळेचा मेसेज तीनदा वाचला तरी डोक्यात शिरत नाही, आणि आता 46 व्या वर्षीच अल्झायमर सुरू झाला की काय अशी धास्ती बसलीये. घरचे म्हणतायत भुलीचा परिणाम आहे, जाईल. माझं हेच ऑपरेशन काही वर्षांपूर्वी झालंय, हे सगळं मी काढलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे सगळं भुलीवर ढकलू नका. माझं तर कमरेत इंजेक्शन देऊन झालं, पूर्ण भूल नव्हतीच, तरी नंतर कित्येक आठवडे डोक्यात धुकं होतं. भुलीचं औषध एक-दोन दिवसांत शरीरातून निघून जातं. पण ऑपरेशन म्हणजे शरीराला मोठी जखम, ती भरून काढताना अंगात जी सूज-दाह तयार होतो त्याचा मेंदूवरही परिणाम होतो, त्यात दवाखान्यातली मोडलेली झोप, दुखणं, गोळ्या. 2002 साली 40 ते 60 वयाच्या पेशंटवरचा एक अभ्यास आला होता, त्यात ऑपरेशननंतर आठवड्याने साधारण 19 टक्के लोकांची स्मरणशक्ती-एकाग्रता चाचणीत कमी आली होती, तीन महिन्यांनी ते 6 टक्क्यांवर आलं, आणि ज्यांचं ऑपरेशनच झालं नव्हतं त्यांच्यातही 4 टक्के निघाले. म्हणजे तुमच्या वयात नुसत्या ऑपरेशनचा विसराळूपणा बहुतेकींचा तीन महिन्यांत ओसरतो. दीड महिन्याला थोडं राहिलेलं असणं अगदी साहजिक आहे. फक्त दुसरं काहीतरी कारण आत चालू असेल तर ते वाट बघून जात नाही, ते शोधावं लागतं.

म्हणून आजच डिस्चार्ज कार्ड काढा आणि नुसती पिशवी काढलीये की दोन्ही अंडाशय पण काढलेत ते बघा. कार्डावर बीएसओ (BSO) अशी अक्षरं असतील तर अंडाशय आणि नळ्या दोन्हीकडच्या काढल्यात. खूप बायकांना हे माहितच नसतं, ऑपरेशनच्या गडबडीत नवऱ्याला सांगितलेलं असतं आणि तो घरी येऊन "पिशवी काढली" एवढंच सांगतो. फरक फार मोठा आहे. नैसर्गिक पाळी जाताना इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयात तयार होणारं बायकांचं हार्मोन, काही वर्षांत हळूहळू कमी होतं, अंडाशय काढले की ते एक-दोन दिवसांत धाडकन खाली येतं. मग अंगातून वाफा येतात, रात्री घामाने गाऊन ओला होतो, झोप तुटते, चिडचिड होते, आणि शब्द न सापडणं, लक्ष न लागणं हे त्याच्याबरोबरच येतं. तुम्हाला वाफा येत असतील तर गायनॅककडे जाऊन स्पष्ट विचारा की मला एचआरटी, म्हणजे कमी झालेलं हार्मोन औषधाने भरून काढायचा उपचार, चालेल का. साधारण 45 च्या आत अंडाशय काढले असतील तर डॉक्टर सहसा स्वतःहूनच सुचवतात, तुमचं वय अगदी काठावर आहे म्हणून विचारायलाच हवं. पिशवी नसल्यावर बहुतेक वेळा नुसतं इस्ट्रोजेन पुरतं. स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या, लिव्हरचा त्रास असं काही असेल तर गणित बदलतं, तेही न लपवता सांगायचं.

दुसरं रक्त. पिशवी काढायची वेळ का आली, तर बहुतेकींना वर्षानुवर्षं अंगावरून खूप जात असतं. म्हणजे शरीरातलं लोह ऑपरेशनच्या आधीच संपत आलेलं असतं आणि वर ऑपरेशनमध्येही रक्त जातं. हिमोग्लोबिन 12 च्या वर आलं म्हणून खूश होऊन गोळ्या बंद करतात, पण फेरिटिन म्हणजे साठा रिकामाच राहतो, तो भरायला पुढे आणखी तीनेक महिने गोळी लागते. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी12 आणि थायरॉईडची टीएसएच या चार तपासण्या डॉक्टरांना विचारून करून घ्या. शाकाहारी असाल किंवा शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर बी12 नक्कीच.

आणि गोळ्यांच्या वेळा बघा, हे मी कळकळीने सांगते कारण आमच्याकडे प्रत्येक दुसरी बाई थायरॉईडची गोळी घेते आणि ऑपरेशननंतर लोह आणि कॅल्शियम दोन्ही सुरू होतं. थायरॉईडची उपाशीपोटी, आणि लोह-कॅल्शियम त्यानंतर किमान चार तासांनी. एकत्र घेतली तर थायरॉईडची गोळी नीट लागूच पडत नाही आणि माणूस परत सुस्त. लोह आणि कॅल्शियम पण एकमेकांपासून लांब, आणि लोहावर लगेच चहा नको.

बाकी दुखण्यासाठी ट्रामाडॉल, नसांसाठी प्रीगाबालिन, झोपेसाठी अल्प्राझोलाम, सर्दीची किंवा खाजेची झोप आणणारी गोळी, यातलं काही अजून चालू आहे का बघा, डोकं जड करायला एवढंही पुरतं. पण मनाने एकदम बंद करू नका, विशेषतः झोपेची, डॉक्टर हळूहळू कमी करून देतात.

आता घरातलं. लक्षात ठेवायचा अट्टाहास सोडा, लिहा. गोळी घेतली की कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकटीत सकाळ-संध्याकाळची खूण करायची, तसंही आपण दुधाचा हिशोब आणि सिलेंडरची तारीख तिथेच लिहितो. दूध ठेवलं की स्टूल घेऊन तिथेच बसा, किंवा मोबाईलवर टायमर, आणि बंद केल्यावर मोठ्याने म्हणा "गॅस बंद केला", तोंडाने बोललेलं जास्त लक्षात राहतं. फोडणी टाकताना फोन घेऊ नका, एका वेळी एकच काम. शब्द अडला तर त्याच्या मागे लागायचं नाही, ती वस्तू कशाला लागते ते सांगून पुढे जायचं, शब्द आपोआप येतो. अवघड कामं सकाळी. मी पोस्टात काउंटरला आहे, कामावर गेल्यावर पहिले काही आठवडे कॅशऐवजी दुसरं टेबल मागून घेतलं, साहेबांनी दिलं. पैशाचे व्यवहार, ओटीपीचे फोन हे सध्या नवऱ्याकडे किंवा मुलीकडे द्या. आणि घरच्यांना सांगा की "हे पण विसरलीस?" असं सारखं म्हणू नका, त्याने माणूस घाबरतो आणि घाबरलं की अजून विसरतो.

अल्झायमरचं म्हणाल तर तो वर्षानुवर्षांत हळूहळू येतो, ऑपरेशनच्या तारखेपासून सुरू होत नाही, आणि या वयात फारच क्वचित. पण काही गोष्टींना थांबायचं नाही. माणूस अचानक भलतंच बोलायला लागला, दिवस-रात्र कळेना, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, जीभ जड झाली तर लगेच मोठा दवाखाना, कारण गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला साडेचार तासांचीच मुदत असते. एकच पोटरी सुजून दुखायला लागली किंवा धाप लागली तरी तसंच. आणि सतत रडू येतंय, कशातच मन लागत नाही, जगावंसं वाटत नाही असं असेल तर तेही आजारपणच आहे, डिप्रेशनमध्ये डोकं असंच बधिर होतं, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास.

तीन महिने होऊनही कमी झालं नाही किंवा मध्येच वाढलं तर फिजिशियनला दाखवा, जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. आणि कार्डावर अंडाशयाचं काय लिहिलंय आणि शेवटचं हिमोग्लोबिन किती होतं ते मला कळवा, पुढचं त्यावरून सांगते.