व्हर्निअर कॅलिपरचे वाचन विद्यार्थ्यांना अचूक कसे शिकवावे?

अकरावीचे विद्यार्थी व्हर्निअर कॅलिपरचे (मुख्य पट्टीवर सरकणारी छोटी व्हर्निअर पट्टी असलेल्या, लहान लांबी मोजण्याच्या उपकरणाचे) वाचन वारंवार का चुकतात आणि त्यावर उपाय काय, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते सूत्र आधी देऊच नये. नेहमीच्या उपकरणात व्हर्निअर पट्टीचे 10 भाग मुख्य पट्टीच्या 9 मिलिमीटरमध्ये बसवलेले असतात. म्हणजे तिचा एक भाग 0.9 मिलिमीटरचा होतो, आणि दोन्ही पट्ट्यांच्या एकेका भागातील 0.1 मिलिमीटरचा फरक हेच लघुतम माप, म्हणजे या उपकरणाने मोजता येणारी सर्वांत लहान लांबी. विद्यार्थ्यांकडून अशा दोन पट्ट्या मोठ्या आकारात पुठ्ठ्यावर आखून घेतल्या, तर हे त्यांना सरकवून पाहता येते.

बहुतेक चुका मुख्य पट्टीचे वाचन व्हर्निअरच्या शून्यापाशी न घेता भलतीकडेच घेतल्याने होतात. ते शून्य 23 आणि 24 मिलिमीटरच्या दरम्यान असून व्हर्निअरची सहावी रेघ (शून्याची रेघ सोडून मोजलेली) मुख्य पट्टीवरील एखाद्या रेघेशी तंतोतंत जुळत असेल, तर वाचन 23.6 मिलिमीटर येते. जुळणी पाहताना डोळा त्या रेघेच्या अगदी समोर हवा.

मोजमापापूर्वी जबडे मिटून पाहणे मात्र टाळू नये, कारण वापरून झिजलेल्या उपकरणांत शून्य त्रुटी असू शकते, म्हणजे जबडे मिटूनही दोन्ही पट्ट्यांची शून्ये जुळत नाहीत. व्हर्निअरचे शून्य मुख्य शून्याच्या उजवीकडे राहिल्यास ती धन असते आणि वाचनातून वजा करावी लागते.