‘बैलाचा गुडघा’ आणि आपला आघाडा

गोठा-दवाखाना : वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यांची उत्तरं

(मी तासगाव तालुक्यात अठ्ठावीस वर्षं जनावरांचा दवाखाना चालवते. मागच्या अंकात मी प्राण्यांसाठीच्या चिनी वनौषधींचं शिक्षण घेतल्याचा ओझरता उल्लेख केला आणि त्यावर पत्रांचा ढीग आला. त्यातल्या चार पत्रांना इथे उत्तर देते.)

प्रश्न : मी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. प्राण्यांच्या चिनी वनौषधींचा कोर्स करावा असं मनात आहे. त्याचा आपल्या भागात उपयोग होईल का? घरचे म्हणतात, आपला आयुर्वेद सोडून चीनकडे कशाला जायचं?

तू माझ्याच कॉलेजचा, म्हणून तुला अरे-तुरे करते. कोर्स जरूर कर, पण पदवी आणि इंटर्नशिप पदरात पडल्यावर. अमेरिकेत फ्लोरिडाला डॉ. हुईशेंग शिए यांनी १९९८ मध्ये सुरू केलेली ‘चि इन्स्टिट्यूट’ (आता ‘चि युनिव्हर्सिटी’) हे शिकवते. प्राण्यांच्या अॅक्युपंक्चरसाठीची आंतरराष्ट्रीय संघटना तर १९७४ पासून आहे. हे शिक्षण पशुवैद्यांसाठी आणि पशुवैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी असतं, आणि ते तसंच असावं. आपल्याकडे उपचार करायचा अधिकार १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याखालच्या नोंदणीने मिळतो. परदेशी प्रमाणपत्र भिंतीवर लावता येतं, पण त्याने तो अधिकार मिळत नाही आणि वाढतही नाही.

मी हे लॉकडाऊनच्या काळात शिकले. दिवसभर गोठे फिरायचे आणि रात्री दहानंतर लॅपटॉप उघडायचा. मला वाटलं होतं की पहिल्याच दिवशी औषधांच्या याद्या मिळतील. तसं काही झालं नाही. कितीतरी रात्री नुसतं बघायला शिकण्यात गेल्या. जीभ फिकी आहे, लाल आहे की जांभळट, ओली आहे की कोरडी, तिच्यावर थर आहे का. जनावर सावली शोधतं की ऊन. त्रास पहाटे वाढतो की तिन्हीसांजेला. पाणी घटाघट पितं की नुसतं तोंड लावतं. कुत्र्याची नाडी मांडीच्या आतल्या बाजूला बघायची, गाईची शेपटीखाली. शेपटीची नाडी कॉलेजातही शिकवतात, पण आपण ठोके मोजून बोट काढून घेतो. इथे सांगितलं, बोट ठेवून थांबा. ती भरलेली लागते की दोरीसारखी ताणलेली, वर लागते की दाबल्यावरच लागते, हे ओळखा. शेपटीच्या मुळापासून वीतभर खाली, आतल्या अंगाला, बरोबर मधोमध. गाय उभी असताना डाव्या हाताने शेपूट हलकेच उचलायची आणि दोन बोटं तिथे ठेवायची. पहिले सहा महिने मला काहीच कळत नव्हतं. आता पुष्कळदा कळतं. जिभेचं मात्र एक माझं मी शिकले. म्हशीची जीभ काळपट असली तर तिथे रंग वाचता येत नाही, खालची पापणी उलटून आतली गुलाबी बाजू बघावी लागते.

औषधं त्यानंतर येतात. चिनी काढ्यात वनस्पतींना हुद्दे असतात : राजा, मंत्री, मदतनीस आणि दूत. पचन मंदावलेल्या, थकलेल्या जनावराला देतात तो ‘चार सज्जनांचा काढा’ घे. जिनसेंग राजा, बाइ-झू नावाचं मूळ मंत्री, पाइनच्या मुळांवर वाढणारी फु-लिंग ही बुरशी मदतनीस, आणि ज्येष्ठमध दूत. कोणती वनस्पती कशासाठी घातली हे वैद्याला सांगता आलं पाहिजे. परीक्षेतही हेच विचारतात. ही शिस्त मला फार मोलाची वाटली. बाजारातली ‘अमुक चूर्ण, पन्नास वनस्पती’ असं लिहिलेली पाकिटं मी तेव्हापासून हातातही धरत नाही.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते. ती लपवून तुला ‘कोर्स कर’ म्हणणं बरोबर नाही. शिक्षण संपलं त्याच हिवाळ्यात एका द्राक्षबागायतदाराची संकरित गाय बघायला गेले. रवंथ मंदावलेली, दूध निम्म्यावर आलेलं, कान थंड, जीभ फिकी आणि ओली. माझ्या डोक्यात नवीन विद्या ताजी होती. ‘पोटात थंडी, जठर दुबळं’ असं निदान केलं आणि सुंठ-दालचिनीचा काढा सुरू केला. गाय उतारावरून चालायला कां-कूं करते, पुढचे कोपर अंगापासून लांब ठेवून उभी राहते, हे मला दिसलं होतं. दिसलं आणि मी ते बाजूला ठेवलं. चौथ्या दिवशी मानेखालच्या पोळीला सूज आली. मग मानेची फुगलेली शीर बघितली, पाठीवर चिमटा घेऊन बघितला, मेटल डिटेक्टर फिरवला. उशीर झाला होता. शवविच्छेदनात दुसऱ्या पोटातून छातीकडे घुसलेला तारेचा बोटभर तुकडा निघाला. मांडवाची तार होती, कुट्टीतून पोटात गेलेली. पहिल्याच दिवशी तपासून चुंबक सोडला असता, रुमेन म्हणजे मोठं पोट उघडायचा निर्णय घेतला असता, तर गाय कदाचित वाचली असती. ते चार दिवस माझ्या काढ्याने खाल्ले. तो तुकडा एका बाटलीत घालून मी टेबलावर ठेवलाय. शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला तो दाखवते.

म्हणून ‘पदवी आधी’ म्हणते. फिक्या जिभेचा अर्थ चिनी भाषेत एक असतो. आपल्या शास्त्रात तिथे रक्तक्षय, जंत, रक्तातले परजीवी, आतला रक्तस्राव अशी मोठी यादी असते. ती यादी संपवल्याशिवाय काढ्याला हात घालायचा नाही. या बहुतेक काढ्यांवर जनावरांतल्या मोठ्या, नीट तुलना केलेल्या चाचण्या फार थोड्या आहेत, हेही ध्यानात ठेव.

घरच्यांच्या प्रश्नाचं म्हणशील, तर आयुर्वेद सोडायचा प्रश्नच येत नाही. चिनी गुडघेदुखीच्या काढ्यात ‘न्यू-शी’ नावाचं मूळ असतं. न्यू म्हणजे बैल, शी म्हणजे गुडघा. ही वनस्पती म्हणजे आपल्या आघाड्याची सख्खी बहीण. गौरी-गणपतीला बांधावरून आघाडा आणतेस… चुकले, आणतोस, तेव्हा त्याचं पेर बघ. बैलाच्या गुडघ्यासारखं फुगलेलं असतं. त्यांचं हुआंग-लियान आणि आपली दारुहळद, दोन्हींतला पिवळा कडू घटक एकच, बर्बेरिन. रेवंदचिनीच्या तर नावातच चिनी आहे. आणि हळद! सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपले शेतकरी जेठे गड्डे, बगल गड्डे आणि हळकुंडं वेगळी काढतात. चिनी वैद्य आणखी एक वाटणी करतात : हळदीचा कंद उष्ण, तिच्या मुळांना धरणाऱ्या गाठी थंड, आणि दोन्हींचा वापर वेगळा. हे वाचलं त्या दिवशी मी शेजारच्या शेतात जाऊन हळदीचा एक बुंधा उपटून बघितला.

चीनमध्ये १६०८ साली दोन वैद्य भावांनी घोड्यांच्या उपचारांवर ग्रंथ लिहिला आणि ती परंपरा आज तिथल्या कृषी विद्यापीठांत शिकवली जाते. त्यांच्या पशु-औषधकोशाचा एक पूर्ण खंड वनौषधींचा आहे. आपल्याकडे घोड्यांच्या वैद्यकावर लिहिणाऱ्या प्राचीन शालिहोत्राचा वारसा आहे, माणदेशातल्या आणि जतच्या धनगरांकडे मेंढरांच्या औषधांचं ज्ञान आहे, पण पशुवैद्याला ते शिस्तीत शिकवणारे वर्ग फार थोडे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने बंगळुरूच्या एका विद्यापीठाबरोबर काम करून काही घरगुती उपचार मापासकट गावोगाव पोहोचवले, ही चांगली सुरुवात आहे. तू चिनी पद्धत शिक आणि ती शिस्त इकडच्या झाडपाल्याला लाव. इंटर्नशिपला एखाद्या धनगरवाड्यावर जा, म्हाताऱ्या माणसांजवळ बस, आणि वही कर : जनावर, लक्षणं, काय दिलं, किती दिलं, काय झालं. जनावर बरं झालं नाही तर तेही लिही. वही भरली की मला आणून दाखव.

प्रश्न : माझा खिलार बैल शर्यतीत पळतो. खरसुंडीच्या बाजारात एकाने ‘चायना पावडर’ दिली. पुडीवर काही छापलेलं नाही. दोन चमचे गुळातून दिली तर बैल रात्रभर उभाच, घामेजला, डोळे मोठे, वैरणीला तोंड लावलं नाही. सकाळी निवला. शर्यतीला अर्धी मात्रा द्यावी का? (आटपाडी तालुका)

दादा, अर्धीही नाही आणि चिमूटभरही नाही. पुडी टाकू नका, पिशवीत बांधून जपून ठेवा आणि तुमच्या डॉक्टरांना दाखवा. बैलाचं हृदय आधी तपासून घ्या, तोवर त्याला पळवू नका.

चिनी औषधांत मा-हुआंग नावाची वनस्पती आहे. तिच्यात इफेड्रिन असतं. दम्यात श्वासनलिका मोकळ्या करायला तिचा मोजून-मापून उपयोग होतो. मात्रा चुकली तर तुम्ही लिहिलंय तेच दिसतं : बेचैनी, बाहुल्या मोठ्या, छाती धडधडणं. त्यात बैल पळवला की हृदय कोसळू शकतं. पुडीत हेच असेल असं नाही. वनौषधी म्हणून विकलेल्या बिननावाच्या भुकटीत स्टिरॉइडही घातलेलं असतं.

वनस्पती आहे म्हणजे बाधत नाही, ही समजूत फार महाग पडते. बेल्जियममध्ये, ब्रुसेल्सला १९९० च्या सुमारास वजन कमी करायच्या गोळ्यांत एका चिनी मुळाऐवजी नावाने जवळचं दुसरं मूळ पडलं. ते अॅरिस्टोलोकिया कुळातलं होतं. कितीतरी बायकांची मूत्रपिंडं कायमची गेली, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कॅन्सरही झाला. तिथे डॉक्टर होते, दवाखाना होता, तरी हे घडलं. तुमच्या पुडीला तर धनीच नाही. औषध घ्यायचं तर उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली बघूनच.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये शर्यतींचा कायदा वैध ठरवला, तेव्हा तुमच्याइतकाच आनंद मलाही झाला, कारण त्याने खिलार टिकायला मदत होते. पण जनावराला अपायकारक औषध देणं १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्याने गुन्हाच आहे. बैलाला पळायला ताकद हवी असेल तर मला त्याचं वय, खुराक आणि सरावाचं वेळापत्रक लिहून पाठवा. मी घसघशीत उत्तर देईन.

प्रश्न : आमचा लॅब्राडोर बारा वर्षांचा आहे. मागचे पाय धरलेत, उठताना कण्हतो. डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम ही दुखण्यावरची गोळी दिलीय. अमेरिकेतली भाची म्हणते, तिथे अशा कुत्र्यांना चिनी हर्ब्ज देतात. गोळीबरोबर चालू करू का? (विश्रामबाग, सांगली)

ताई, आपल्या मनाने नको. भाची म्हणते ते खोटं नाही. म्हाताऱ्या कुत्र्याच्या सांधेदुखीला तिकडे पंधरा वनस्पतींचा एक जुना काढा वापरतात, वर सांगितलेलं ‘बैलाचा गुडघा’ त्यातच आहे. पण त्यात दांग-ग्वेइ नावाचं मूळ आहे, त्याने रक्त गोठणं मंदावू शकतं. मेलॉक्सिकॅमने आधीच जठराच्या अस्तरावर ताण असतो. दोन्ही एकदम चालू केलं आणि शी काळी, डांबरासारखी झाली, तर कशाने झाली हे शोधण्यात दिवस जातील. त्याच जुन्या काढ्यात शी-शिन नावाचं एक मूळ असतं, तेही ब्रुसेल्सच्या त्या मुळाच्याच कुळातलं. शिकलेला पशुवैद्य ते वगळलेला काढा निवडतो. कोर्समध्ये शिकायचं असतं ते हे.

आधी रक्त तपासून यकृत आणि मूत्रपिंड बघून घ्या. वजन करा, तीन-चार किलो उतरलं तरी फरक डोळ्यांना दिसेल. आणि घरातली फरशी बघा. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या म्हाताऱ्या कुत्र्यांचे मागचे पाय गुळगुळीत ग्रॅनाइटवर घसरून जास्त बिघडलेले असतात. तो झोपतो तिथून पाण्याच्या भांड्यापर्यंत जुनी सतरंजी नाही तर रबरी मॅट पसरा, आजच. महिन्याभराने डॉक्टरांशी बोलून औषधी काढ्याचा विचार करू. घरात मांजर असेल तर कुत्र्याचं कुठलंही औषध तिच्या तोंडी लागू देऊ नका; मांजराच्या यकृताला कित्येक साधे घटकही पचवता येत नाहीत.

प्रश्न : म्हशीला दगडी झालीय, एक सड सुजलाय, दुधात गुठळ्या. हळद-कोरफडीचा लेप चिनी आहे का? लावू का? (पलूस)

चिनी नाही, आपलाच आहे वहिनी. दुग्धविकास मंडळ सांगतं ते माप असं : कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, खायचा चुना १५ ग्रॅम. एकत्र वाटायचं. दर वेळी त्यातला मूठभर गोळा घेऊन पाण्यात पातळ करायचा. आधी सडातलं दूध पूर्ण काढायचं, कास धुवून पुसायची, मग लावायचं. दिवसातून दहा वेळा, पाच दिवस. सकाळ-संध्याकाळ दोनदाच लावून ‘गुण आला नाही’ म्हणणारे फार भेटतात. हळद विकतची भुकटी नको, हळकुंडं घरी कुटा.

म्हशीला ताप असेल, ती बसून राहत असेल, दूध पाण्यासारखं किंवा रक्ताळलेलं येत असेल, तर लेपावर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. आणि कसलंही औषध द्यायच्या आधी त्या सडाचं थोडं दूध उकळून वाळवलेल्या बाटलीत काढून ठेवा. तपासणीला तेच लागेल.