दसऱ्याची गाडी आली नाही, बुकिंगचे पैसे तरी मिळतील का?

ताई, नमस्कार. मी संगमनेर तालुक्यातल्या एका दूध संस्थेत कामाला आहे. आईचे गुडघे गेलेत, एसटीत चढता येत नाही, म्हणून जुलैत नाशिकच्या एका शोरूममध्ये गाडी बुक केली. ११,००० रुपये काउंटरवर कार्डाने भरले, त्याची पावती आहे. सेल्समन म्हणाला, ‘अजून दहा टाका, नंबर वर घेतो.’ ते १०,००० त्याच्याच मोबाइल नंबरवर गेले. दसऱ्याला गाडी दारात, असं ठरलं होतं. दिवाळीही झाली. आता म्हणतात, ‘हे मॉडेल नाही, वरचं घ्या, ६५,००० जास्त पडतील.’ पैसे मागितले तर आधी ‘बुकिंग परत मिळत नाही’, मग ‘पाच हजार कापून देऊ’. काय करू?
– एक वाचक, संगमनेर

दादा, पाच हजार सोडायला अजिबात तयार होऊ नका. करार मोडणाऱ्याकडूनसुद्धा वाजवी भरपाईच घेता येते, असं १८७२ च्या करार कायद्याचं ७४ वं कलम सांगतं. तुम्ही तर काहीच मोडलेलं नाही.

म्हणून फोनवर ‘मला आता गाडी नको’ असं म्हणत राहू नका. त्यातून तुम्हीच मागे हटलात असा अर्थ काढला जातो. लेखी कळवा: ‘दसऱ्यापर्यंत ठरलेलं मॉडेल ठरलेल्या किमतीत दिलं नाही, म्हणून बुकिंग रद्द करत आहे. २१,००० रुपये १५ दिवसांत माझ्या खात्यात जमा करावेत.’ हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, त्याचीच ईमेल शोरूमच्या मॅनेजरला आणि गाडीच्या कंपनीच्या ग्राहक सेवेला करा. बुकिंग फॉर्मची मागची बाजूही वाचा. तिथं फिक्या, बारीक अक्षरात रद्द करण्याच्या अटी असतात आणि डिलिव्हरीच्या रकान्यात बऱ्याचदा नुसतं ‘अंदाजे’ लिहिलेलं असतं. तुमच्याही फॉर्मवर तसं असेल तर सेल्समनचे दसऱ्याचं वचन देणारे व्हॉट्सअॅप मेसेज हाच तुमचा पुरावा. फोन बदलला तरी ते चॅट पुसू देऊ नका.

मला जास्त काळजी त्या दहा हजारांची वाटते. शोरूम हात झटकेल, ‘ते त्याचं वैयक्तिक’ म्हणेल. पण जो माणूस शोरूमच्या शर्टात, शोरूमच्या टेबलावर बसून गाडीसाठी पैसे मागतो, त्याच्या व्यवहाराची जबाबदारी शोरूमवर येते, हा मुद्दा ठामपणे मांडा. आजच बँकेतून त्या दिवसाचं स्टेटमेंट काढा, त्यावर यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, असेल. आणि तो माणूस नोकरीवर असेपर्यंत त्याला साधा मेसेज टाका: ‘बुकिंगसाठी दिलेले दहा हजार कधी मिळतील?’ ‘बघतो साहेब’ एवढं जरी उत्तर आलं, तरी ते पैसे कशाचे होते याचा धागा हाती येतो.

पंधरा दिवस गेले की १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. मराठीत बोलता येतं. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. तिथून आदेश निघत नाही, पण कंपनीकडे तक्रार पोहोचते आणि कित्येकदा तेवढ्यावर काम होतं.

नाहीच झालं, तर जिल्हा ग्राहक आयोग. त्यासाठी नाशिकला खेटे घालायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे अहिल्यानगरला, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील बंधनकारक नाही, मुदत दोन वर्षांची. मूळ रकमेबरोबर व्याज आणि झालेल्या त्रासाची भरपाईही मागा.

एक गोष्ट मात्र माझ्या धाकट्या भावाच्या अनुभवातून सांगते. त्याचे बुकिंगचे ५,००० असेच अडकले होते. शेवटी ‘मूळ पावती जमा करा, चेक तयार आहे’ असा फोन आला. त्याने पावती दिली, ‘पूर्ण रक्कम मिळाली’ या कागदावर सहीही केली. चेक मात्र ‘साहेब आले की’ मिळणार होता. पुढचे दीड महिने त्याच्या हातात एक चिठोरंही नव्हतं. तेव्हा तुम्ही पावतीची झेरॉक्स द्या, तीवर त्यांचा शिक्का आणि तारीख घ्या, आणि मूळ कागद घरच्या कपाटातच ठेवा. पैसे खात्यात जमा झाल्याचा मेसेज आला, की मगच सही.