एमपी३ फाइल्सवरून चांगली ऑडिओ सीडी कशी करावी?

प्रश्न : वडिलांनी जमवलेल्या अभंगांच्या आणि शास्त्रीय मैफलींच्या एमपी३ फाइल्स माझ्याकडे आहेत. घरच्या जुन्या सीडी प्लेअरवर वाजतील अशा ऑडिओ सीडी मी त्यांना करून दिल्या. पण टाळांचा आवाज विस्कटल्यासारखा येतो, तार सप्तकात तडतड होते आणि मैफलीत मध्येच तानपुरा थांबून पुन्हा सुरू होतो. फाइल्स आधी ३२० केबीपीएसवर नेऊन मग सीडी केली, तर सुधारणा होईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही, उलट थोडे नुकसानच होईल. आपल्या तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत. त्यांपैकी दोन दूर करता येतात. पहिलीचा उपाय मात्र सीडी करण्याच्या कामात नसून मूळ फाइल मिळवण्यात आहे.

ऑडिओ सीडीवर प्रत्येक सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटांचे आणि दोन चॅनलचे, म्हणजे सुमारे १,४११ किलोबिट माहिती असते. १२८ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिटांच्या, एमपी३मध्ये याचा जेमतेम अकरावा हिस्सा उरतो, कारण मोठ्या आवाजाखाली दबून कानाला जाणवणार नाहीत असे मानलेले बारकावे एन्कोडर, म्हणजे एमपी३ तयार करणारा प्रोग्रॅम, गाळून टाकतो. टाळ, झांज आणि तबल्याची थाप येथे सर्वांत आधी उघडी पडतात. थाप पडण्याच्या किंचित आधी ऐकू येणारी फसफस ही त्याचीच खूण आहे. गाळलेले बारकावे कोणत्याही रूपांतराने परत येत नाहीत. १२८ची फाइल ३२०वर नेली, तर फाइल मोठी होते आणि एन्कोडर तिच्यातून आणखी काही गाळतो. म्हणून रूपांतर एकदाच आणि थेट १६ बिट, ४४,१०० हर्ट्झच्या वॅव्हमध्ये, म्हणजे काहीही न गाळता आवाज साठवणाऱ्या फाइलमध्ये, करावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वडिलांकडे मूळ सीडी असतील किंवा कोणाकडे त्याच मैफलीची फ्लॅक फाइल असेल, तर ती आधी मिळवावी, कारण फ्लॅकमध्ये आकार कमी होऊनही काहीच गळत नाही. मिळालेली फ्लॅक मात्र ‘स्पेक’सारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये तपासून पाहावी, नव्या ध्वनिमुद्रणाच्या कंप्रतेच्या आलेखात १६ किलोहर्ट्झच्या वर सरळ रेषेत कापल्यासारखा काळोख दिसला, तर ती एखाद्या एमपी३वरून केलेली असण्याची दाट शक्यता असते.

तडतडीचे कारण बहुधा आवाजाच्या पातळीत आहे. मूळ मुद्रण आधीच कमाल पातळीपर्यंत चढवलेले असेल, तर एमपी३ उलगडताना त्यातली काही शिखरे त्या मर्यादेच्याही वर जातात आणि १६ बिटांत उतरवताना छाटली जातात. ‘ऑडॅसिटी’ या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडून ‘नॉर्मलाइझ’ने सर्वोच्च पातळी उणे १ डेसिबलवर आणावी आणि मगच वॅव्ह काढावी. मैफल अनेक फाइल्समध्ये असेल, तर हे प्रत्येक फाइलवर वेगवेगळे करू नये. संथ आलाप आणि द्रुत बंदिश यांची पातळी सारखी झाली, तर गायकाने हळूहळू चढवत नेलेला आवाज सपाट होतो, आणि मैफलीचे इतके मोठे नुकसान तडतडीनेही होत नाही. सगळे भाग एकत्र जोडून एकच नॉर्मलाइझ करावे.

तानपुरा थांबतो, कारण सीडी ‘ट्रॅक ॲट वन्स’ पद्धतीने राइट झाली असावी. तीत प्रत्येक ट्रॅकपूर्वी दोन सेकंदांची शांतता पडते. ‘डिस्क ॲट वन्स’ निवडून ट्रॅकमधील अंतर शून्य करावे. तरीही सांध्यावर बारीक ‘टक्’ ऐकू येऊ शकते. सीडीवरचा आवाज सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागाच्या चौकटींत लिहिला जातो आणि फाइल चौकटीच्या मध्येच संपली, तर उरलेली जागा शांततेने भरली जाते. शिवाय एमपी३च्या सुरुवातीला आणि शेवटी एन्कोडरने घातलेली थोडी शांतता असते. फाइल्स जोडताना ती कापून टाकावी. पूर्ण मैफलीची एकच वॅव्ह आणि ट्रॅक कोठे सुरू होतात हे सांगणारी ‘क्यू’ फाइल करून ती विंडोजवरील ‘इमगबर्न’ने राइट केली, तर चौकटीचा प्रश्नच उरत नाही.

जुन्या प्लेअरसाठी सीडी-आरडब्ल्यू टाळून चांगल्या प्रतीची सीडी-आर घ्यावी, कारण आरडब्ल्यूचा परावर्तित प्रकाश कमी असल्याने अनेक जुने प्लेअर ती वाचत नाहीत. एका सीडीत ८० मिनिटे मावतात. मैफल त्याहून मोठी असेल, तर राग संपतो तेथेच तिचे दोन भाग करावेत.