‘संपर्क होऊ शकला नाही’

प्रिय मुली,

तुझा प्रस्ताव दोनदा वाचला. पहिल्यांदा सलग, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. निरनिराळ्या आर्थिक थरांतली, निरनिराळ्या भाषा आणि वंशांची मुलं शाळा संपवून कॉलेजात आणि पुढे नोकरीत कशी पोचतात, हा विषय तू मनापासून घेतला आहेस, ते ओळीओळीत जाणवतं. पण तुझं वेळापत्रक बघून मी थबकले. शाळेच्या शेवटच्या वर्षात एक मुलाखत आणि मग थेट कॉलेजच्या पहिल्या वर्षाअखेर दुसरी. मधली जागा कोरी आहे. माझ्या मते तुझा खरा विषय त्या कोऱ्या जागेतच दडलाय.

अमेरिकेत या मधल्या गळतीला ‘समर मेल्ट’ म्हणतात. प्रवेश मिळालेला, जायचं पक्कं ठरलेलं, तरी उन्हाळा संपल्यावर वर्गात न पोचलेली मुलं. बेन कॅसलमन आणि लिंडसे पेज या संशोधकांनी या गळतीचा पाठपुरावा केला. कॉलेजात जायचं ठरवलेल्यांपैकी साधारण 10 ते 20 टक्के मुलं याच काळात गळतात, आणि गरीब घरांत हे प्रमाण आणखी वाढतं. ही मुलं नापास झालेली नसतात. शाळेने त्यांना निरोप दिलेला असतो, कॉलेजने अजून ओळखलेलं नसतं, आणि मधले काही महिने त्यांचं नाव कुणाच्याच हजेरीपटावर नसतं. अनामत रक्कम, वसतिगृहाचा अर्ज, लसीकरणाचा दाखला, आरोग्यविमा नको असेल तर तसं मुदतीत लेखी कळवणं. ज्या घरात आधी कुणी कॉलेजात गेलंय, तिथे आई किंवा मोठा भाऊ एका संध्याकाळी हे उरकून टाकतात. जिथे कुणीच गेलेलं नाही, तिथे न उमगलेलं एक पत्र टेबलावर पडून राहतं आणि मुदत टळून जाते.

म्हणून तुझ्या प्रश्नावलीतला पहिला प्रश्न मी खोडलाय. ‘पुढे शिकायची इच्छा आहे का?’ याला बहुतेक मुलं हो म्हणणार, आणि त्या ‘हो’मधून तुझ्या हाती फारसं काही लागणार नाही. त्याऐवजी विचार: अर्ज कुणी भरला? कुठे बसून? कोणत्या रकान्यापाशी अडलं? मग कुणाला विचारलं? या साध्या प्रश्नांतून घराची सगळी ताकद आणि सगळी अडचण बाहेर येते.

याला भक्कम आधार आहे. अमेरिकेत सरकारी शिक्षणसाहाय्यासाठी ‘फाफ्सा’ नावाचा अर्ज भरावा लागतो, आणि तेव्हा तो चांगलाच लांबलचक होता. 2008 मध्ये काही संशोधकांनी, कर भरायला एका खासगी कार्यालयात येणाऱ्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांवर एक प्रयोग केला. काही कुटुंबांचा अर्ज, करासाठी दिलेलीच माहिती वापरून, तिथल्या तिथे दहाएक मिनिटांत भरून दिला. काहींना फक्त सांगितलं की तुम्हाला अमुक इतकं साहाय्य मिळू शकेल. ज्यांना अर्ज भरायला मदत झाली, त्या घरांतल्या शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांत कॉलेजची दोन वर्षं पुरी करण्याचं प्रमाण 28 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर गेलं. नुसती माहिती मिळालेल्यांत म्हणावा असा फरक पडला नाही. पुढे संदेश पाठवून आठवण करून देण्याचे उपक्रम आले, त्यांतले काही छोट्या प्रमाणावर यशस्वीही झाले. मात्र 8 लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना अशा आठवणी पाठवून पाहिल्या, त्याचे निष्कर्ष 2021 मध्ये छापून आले, आणि प्रवेशांच्या आकड्यांत काहीच हललं नव्हतं. ओळखीच्या समुपदेशकाचा संदेश आणि कुठल्याशा अनोळखी कार्यालयाचा संदेश यांत फरक असतो, असा मी यातून अर्थ लावते. तुला वेगळा लागला तर जरूर कळव.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या वयाची असताना मी एका पाहणीत फोन करण्याच्या कामावर होते. चारदा फोन उचलला गेला नाही की नावापुढे ‘संपर्क होऊ शकला नाही’ असं लिहायचं आणि पुढच्या नावाकडे वळायचं, असा नियम होता. एका मुलाच्या नावापुढे मी तसं लिहून मोकळी झाले होते. एकदा रात्री उशिरा ऑफिस आवरताना, का कोण जाणे, तो नंबर पुन्हा लावला. त्याने उचलला. मागून पुठ्ठ्याच्या खोक्यांवर चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येत होता. तो गोदामात रात्रपाळी करत होता आणि आमचे फोन जात होते सकाळी दहाला, त्याच्या झोपेच्या वेळी. त्याने शिक्षण सोडलेलंही नव्हतं. वर्षभर कमवून संध्याकाळच्या वर्गांना नाव घालायचं, असा त्याचा बेत होता, आणि त्यासाठी किती पैसे साठलेत ते त्याने मला हिशेबासकट सांगितलं. फोन ठेवताना त्याने विचारलं, “माझ्या नावापुढे तुम्ही काय लिहिलंय?” मी समोरच्या कागदाकडे बघितलं. मला खरं सांगवलं नाही.

गळालेली नावं चिठ्ठ्या टाकून गळत नाहीत. रात्रपाळीवाले गळतात, घर बदलावं लागलेले गळतात, बिल न भरल्याने फोन बंद झालेले गळतात, अनोळखी आवाजाला उत्तर द्यायची धास्ती वाटणारे गळतात. शेवटी तक्त्यात उरतात ते पत्ता न बदलणारे, आणि मग आपण लिहून टाकतो की मुलांचं एकंदर बरं चाललंय. तेव्हा पाठपुराव्यासाठी निम्मा निधी बाजूला ठेव. प्रत्येक मुलाकडून तीन नंबर घे, त्यांतला एक घरापासून हलणार नाही अशा नातेवाइकाचा. फोनच्या वेळा बदलत राहा. दर मुलाखतीला थोडा का होईना मोबदला दे, त्यांच्या वेळेची ती किंमत आहे.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या पाहणीचं उदाहरण घे. 1957 मध्ये त्या राज्यातून शाळा पूर्ण करणाऱ्यांपैकी एक तृतीयांश मुलं, म्हणजे 10,317 जण, चिठ्ठी पद्धतीने निवडले आणि त्यांचा माग पुढे पन्नास वर्षांहून अधिक काळ ठेवला. घरच्यांच्या आणि शिक्षकांच्या प्रोत्साहनातून मुलाच्या आकांक्षा घडतात आणि त्यांतून पुढे शिक्षण आणि नोकरी ठरत जाते, ही मांडणी त्यातून पक्की झाली. त्या चिकाटीपुढे मी नतमस्तक आहे. पण शाळा पूर्ण न केलेले त्यात मुळातच नव्हते, आणि निवडलेले जवळपास सगळे गोरे होते. इतका दीर्घ श्रम करूनही काही मुलांबद्दल ती पाहणी बोलू शकत नाही, कारण ती मुलं पहिल्याच दिवशी यादीत नव्हती.

‘वैविध्यपूर्ण’ हा शब्द तू अकरा वेळा वापरला आहेस. तो जरा आवर. पाच गट पाडून त्यांच्या सरासऱ्या शेजारीशेजारी मांडल्या की वाचणाऱ्याला वाटतं, कमतरता त्या गटातच आहे. एकाच गटाच्या आत बघ. एकाच शाळेतल्या, सारख्याच उत्पन्नाच्या, घरी एकच भाषा बोलणाऱ्या दोघी मैत्रिणींपैकी एक पोचली आणि एक राहिली, ती कुठल्या आठवड्यात? शिक्षणाच्या अभ्यासक तारा योसो यांनी 2005 मध्ये मांडलेली सहा प्रकारच्या भांडवलांची, म्हणजे अशा मुलांकडे आधीपासून असलेल्या बळांची, कल्पना इथे कामाला येईल: आकांक्षेचं, भाषेचं, कुटुंबाचं, ओळखीपाळखीचं, परक्या व्यवस्थेतून वाट काढण्याचं आणि प्रतिकाराचं. लहानपणापासून आईवडिलांसाठी कार्यालयांत दुभाष्याचं काम केलेली मुलगी अर्ज वाचण्यात तरबेज असते. तिची ही तयारी नोंदवायला तुझ्या प्रश्नावलीत रकानाच नाही.

नोकरीचा भाग तू कॉलेजनंतर ठेवलायस. कित्येक मुलांच्या बाबतीत तो आधीच सुरू झालेला असतो, तेव्हा कामाचे तास पहिल्या मुलाखतीपासून विचार. त्यावर आता जास्त लिहीत नाही, भेटलो की बोलू.

वेळापत्रक बदलून पाठव. मधल्या तीन महिन्यांत दर पंधरा दिवसांनी एक छोटा फोन, पाच मिनिटांचा, तेवढंच त्यात घाल. आणि हे एकटीने ओढू नकोस. रात्री साडेनऊनंतरचे फोन माझ्याकडे दे.

तुझी,
बाई