सोमवारी तो ब्लॉक वर्कशॉपला देऊ नका

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. विट्यात आजोबांची 1951 ची शेवरोले स्टाइललाइन, इंजिन उतरवलंय, सोमवारी ब्लॉक (इंजिनाचं ओतीव लोखंडी धड) धुवून, वाळूच्या माऱ्यानं ब्लास्ट करून आणणार आणि मग कोणता ग्रे मारायचा ते ठरवणार. हा क्रम उलटा आहे. आधी जुन्या मूळ रंगाचा नमुना काढा, मग पाण्याचा थेंब लागू द्या. माझ्याकडे तेच 216 घनइंची सहा सिलिंडरचं इंजिन आहे, गाडी 1947 ची. बेअरिंगच्या कामानं दिला नाही एवढा त्रास मला या रंगानं दिलाय.

बोअर, रिंगा, बेअरिंग तुमचे मिस्त्री बघतील. मी फक्त बाहेरच्या कातडीबद्दल, म्हणजे रंगाबद्दल लिहितो. आणि हे याच इंजिनापुरतं, दुसऱ्या गाडीला जसंच्या तसं लावू नका.

ब्लॉक बोअरिंगला आमच्या भागातल्या एका वर्कशॉपमध्ये दिला होता. नाव लिहीत नाही. ब्लॉकला तारेनं चिठ्ठी बांधली होती: ‘बाहेरचा रंग काढू नये’. मालकाला तोंडीही सांगितलं, त्यांनी मानही डोलावली. परत मिळाला तो कॉस्टिकच्या गरम टाकीत बुडवून, वाळू मारून, वर चकचकीत सिल्व्हर फासून. ‘साहेब, कलर फ्रीमध्ये करून दिलाय.’ चिठ्ठीची तार तशीच भोकात अडकलेली होती. सत्तरेक वर्षं ग्रीसच्या थराखाली जपलेला कंपनीचा रंग एका दुपारीत गेला आणि तो पैसे देऊन परत मिळत नाही. सिल्व्हर म्हणजे नवं, ही समजूत आपल्याकडच्या वर्कशॉपांतून कधी जाणार? गिऱ्हाईक लिहून देतंय ते वाचायला किती वेळ लागतो?

त्याच वाळूनं ब्लॉकवरच्या, डिस्ट्रिब्युटरच्या (ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) मागच्या पट्टीवरचा इंजिन नंबरही पुसट झाला. हे जास्त गंभीर आहे. 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांवरच्या, मूळ रूपात ठेवलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला व्हिंटेज नंबर मिळतो, दहा वर्षांसाठी. तो घ्यायचा असेल तर इंजिन नंबर स्पष्ट वाचता यायला हवा. कागद ठेवून पेन्सिलनं छाप आजच घ्या, फोटो काढा, आणि ब्लास्टिंग करायचंच असेल तर पट्टीवर जाड रबर चिकटवून स्वतः समोर उभे राहा.

माझं नशीब एवढंच की पोचा काढायला साइड कव्हर, म्हणजे ब्लॉकच्या बाजूचं झाकण, घरी ठेवलं होतं. खालच्या कडेला बोटभर जाडीचं काळं ग्रीस. ते रॉकेल आणि मऊ ब्रशनं सोडवलं, मग हजार नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत हळूहळू फिरवला. झाडाच्या खोडासारखी वर्तुळं उमटली: वर कुणीतरी मारलेला सिल्व्हर, खाली हिरवा, त्याखाली राखाडी, मग थेट लोखंड. लोखंडाला चिकटलेला तोच कंपनीचा. त्या काळातल्या शेवरोले कारची ही 216 इंजिनं राखाडीच असत, त्यामुळे शंका उरली नाही. तुम्ही जनरेटरच्या ब्रॅकेटखाली आणि इंजिन माउंटिंगच्या मागेही बघा. तेलात, उष्णतेत जुना इनॅमल पिवळा पडतो, म्हणून उघड्या भागावरचा रंग खरा समजू नका. झाकलेल्या जागेवर हलकं रबिंग (पॉलिशची पेस्ट) मारून मगच जुळवा.

रंगाच्या दुकानातलं रंग जुळवायचं मशीन सपाट, गुळगुळीत जागेवर बरोबर वाचतं. खरबरीत बिडावर (ओतीव लोखंडावर) ते फसतं. माझ्या मते मशीनचा आकडा सुरुवातीला ठीक, पुढचं डोळ्यानं. ग्रेमध्ये काळा-पांढरा सोडून किंचित पिवळा असला तरी तो ट्यूबलाइटखाली कळत नाही, सावलीतल्या सकाळच्या उजेडात लगेच उघडा पडतो. नमुना पत्र्यावर नको, भंगारातल्या बिडाच्या तुकड्यावर मारा. गुळगुळीत पत्र्यावर तोच रंग जास्त चमकतो आणि वेगळा दिसतो.

आता माझी ठाम मतं, पटली तर घ्या. बिडाचा खरबरीतपणा लांबी (पुट्टी) भरून घालवू नका. कंपनीनं तो तसाच ठेवला होता. आरशासारखा टूके (हार्डनर मिसळून मारायचा रंग) फिनिश या इंजिनावर परका दिसतो, साधा इंजिन इनॅमल हलक्या चमकेत बरा. टूके मारणारच असाल तर हार्डनरमधलं आयसोसायनेट फुफ्फुसाला घातक आहे, कापडी मास्कवर भागवू नका. एनसी (नायट्रोसेल्युलोज रंग) नकोच, कार्बोरेटरखाली पेट्रोल गळलं की उठतो, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत पांढरा पडतो ते वेगळंच. ब्लॉकला सायलेन्सरचा हीटप्रूफ रंगही नको. पाणी-तेल फिरणारा ब्लॉक तेवढा तापत नाही, आणि तसले बरेच रंग भट्टीत भाजल्याशिवाय पक्के होत नाहीत. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणारा नळ) मात्र रंगवू नका, ते कंपनीतूनच उघड्या बिडाचं होतं.

ब्लॉक पावसाळ्यात उघडा ठेवला तर रात्रीत गंज धरतो. धुतल्या दिवशीच वाळवून प्रायमर मारा, तोही पातळ.

पण हे सगळं नंतरचं. साइड कव्हर अजून इंजिनावर असेल तर ते आजच काढून घरी आणा, आणि सोमवारी ब्लॉक न्यायला ठरवलेली गाडी रद्द करा.