कमी खर्चात चांगले ड्राय डॉग फूड कसे निवडावे?

तुम्ही विचारले आहे की, सुमारे 20 किलो वजनाचा, नसबंदी झालेला प्रौढ कुत्रा घरी आहे, सारख्याच वजनाच्या पिशव्यांच्या किमतींत तिप्पट-चौपट फरक दिसतो, महाग खाद्य परवडत नाही. मग स्वस्त खाद्य घेणे म्हणजे कुत्र्याची हेळसांड ठरते का, आणि ठरत नसेल तर त्यातले चांगले ओळखावे कसे? हेळसांड मुळीच ठरत नाही. मात्र किलोचा भाव पाहून जे स्वस्त वाटते ते पुष्कळदा स्वस्त नसते, आणि पिशवीच्या दर्शनी बाजूवर जे ठळक छापलेले असते त्याचा दर्जाशी फारसा संबंध नसतो. मी पशुवैद्य नाही. बरीच वर्षे कुत्री पाळली, प्रत्येक वेळी पैशांचा विचार करावा लागला आणि त्यातून जे शिकलो ते लिहितो आहे.

पिशवी हातात घेतली की ती आधी उलटी करावी. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत हे खाद्य ‘संपूर्ण व संतुलित’ आहे की नाही, आणि असल्यास कोणत्या वयाच्या कुत्र्यासाठी, हे सांगणारे एक वाक्य असते. अमेरिकेतील ‘आफ्को’ या संस्थेचे पोषणमान किंवा युरोपातील खाद्यनिर्मात्यांच्या ‘फेडियाफ’ या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे हा त्याचा नेहमीचा आधार असतो. आफ्को स्वतः कोणत्याही खाद्याची तपासणी करत नाही किंवा त्याला मान्यता देत नाही. ती केवळ पोषकद्रव्यांची प्रमाणे ठरवून देते. उदाहरणार्थ, ओलावा वगळून उरलेल्या भागात प्रौढ कुत्र्यासाठी किमान 18 टक्के प्रथिने व 5.5 टक्के स्निग्धांश, तर वाढत्या पिल्लासाठी 22.5 टक्के प्रथिने व 8.5 टक्के स्निग्धांश असावेत, असे ती सांगते. हे विधान नसेल, किंवा खाद्य ‘पूरक’ असल्याचे लिहिले असेल, तर ते कितीही महाग असले तरी रोजचे मुख्य अन्न म्हणून घेऊ नये. ‘सर्व वयांसाठी’ असे लिहिलेले खाद्य पिल्लांच्या निकषावर बेतलेले असते. ते प्रौढ कुत्र्याला चालते, पण दिवसभर लोळणाऱ्या कुत्र्यासाठी बहुधा जास्तच भरभक्कम होते. मोठ्या जातीच्या पिल्लासाठी खाद्य घेणाऱ्यांनी एक गोष्ट अधिक पाहावी: ते खाद्य मोठ्या आकाराच्या कुत्र्यांच्या वाढीसाठीही योग्य आहे, असा स्पष्ट उल्लेख हवा, कारण कॅल्शियम जास्त झाले तर लहान पिल्लाचे शरीर ते शोषून घेणे थांबवू शकत नाही आणि हाडांची वाढ बिघडते.

‘प्रीमियम’, ‘नैसर्गिक’, ‘पूर्वजांच्या आहाराप्रमाणे’ अशा शब्दांचे पैसे मोजू नयेत. घटकपदार्थांची यादी वाचावी, पण ती दिसते तितकी सरळ नसते. घटक शिजवण्यापूर्वीच्या वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. ताज्या कोंबडीच्या मांसात सुमारे 70 टक्के पाणीच असते, त्यामुळे यादीत पहिल्या क्रमांकावर असलेले ताजे चिकन खाद्य सुकल्यावर पुष्कळ मागे पडते, तर ‘चिकन मील’ म्हणजे पाणी व चरबी काढून दळलेला भाग हा आधीच कोरडा असल्याने त्यातून प्रथिने जास्त मिळतात. ‘बायप्रॉडक्ट’ हा शब्द पाहून लोक नाक मुरडतात. परंतु त्यात यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस असे अवयव येतात, आणि कुत्र्याला शिकार मिळाली तर तो हे भाग आनंदाने खातो. उलट वाटाणा, वाटाण्याचे प्रथिन आणि वाटाण्याचे तंतू असे तीन वेगवेगळे घटक दिसले तर एकच पदार्थ तीन नावांनी विभागून यादीत खाली ढकललेला असू शकतो, हे ध्यानात घ्यावे.

धान्याविषयी विशेष लिहावेसे वाटते, कारण मर्यादित पैसे असलेला माणूस इथेच सर्वाधिक फसतो. ‘ग्रेन-फ्री’ म्हणजे धान्यविरहित खाद्य साधारणपणे महाग असते, आणि निरोगी कुत्र्याला त्याचा काही खास लाभ होतो याला आधार नाही. माणसाच्या सहवासात कुत्र्याच्या शरीरात पिष्टमय पदार्थ पचवण्याची क्षमता लांडग्यापेक्षा बरीच वाढलेली आहे. त्याच्याशी संबंधित जनुकाच्या प्रती कुत्र्यांत कितीतरी अधिक असतात, हे 2013 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. कुत्र्यांना अन्नाची ॲलर्जी होते तेव्हाही कारण बहुधा गोमांस, दूध, चिकन यांसारखे प्राणिज पदार्थ असतात. गव्हाचा क्रमांक त्यानंतर लागतो. त्यात भर म्हणजे 2018 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने काही कुत्र्यांतील हृदयाचे स्नायू कमकुवत होऊन हृदय फुगण्याचा आजार आणि धान्याऐवजी बहुधा घातली जाणारी वाटाणा, मसूर यांसारखी कडधान्ये भरपूर असलेले आहार यांचा संबंध आहे का, याची चौकशी सुरू केल्याचे जाहीर केले. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही; पण जादा पैसे देऊन ही शंका विकत घेण्याचे मला काही कारण दिसत नाही. मका आणि तांदूळ असलेले साधे खाद्य निःशंकपणे घ्यावे.

आता हिशेबाकडे वळू. तुमचा कुत्रा किलो खात नाही, कॅलरी खातो. विश्रांतीच्या अवस्थेतील गरज काढण्यासाठी वजनाचा 0.75 घात घेऊन त्याला 70 ने गुणतात, आणि नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी आलेला आकडा 1.6 ने गुणतात; 20 किलोच्या कुत्र्यासाठी हे उत्तर रोज सुमारे 1050 किलोकॅलरी येते. एका खाद्यात किलोला 3200 आणि दुसऱ्यात 4000 किलोकॅलरी असतील, तर पहिले रोज साधारण 330 ग्रॅम लागेल आणि दुसरे 260 ग्रॅम. म्हणजे दुसरे किलोमागे 25 टक्के महाग असले तरी महिन्याचा खर्च सारखाच पडतो. कॅलरी छापलेल्या नसतील तर अंदाज करता येतो. समजा प्रथिने 24, स्निग्धांश 12, तंतू 4, ओलावा 10 आणि राख म्हणजे खनिजे 7 टक्के असतील, तर उरलेले 43 टक्के पिष्टमय पदार्थ होत. प्रथिने व पिष्ट यांना 3.5 ने आणि स्निग्धांशाला 8.5 ने गुणून बेरीज केली की 100 ग्रॅममागे सुमारे 336 किलोकॅलरी मिळतात. हा हिशेब न करता मी पूर्वी सर्वांत कमी भावाची पिशवी आणत असे. कुत्रा वाडगे चाटून पुन्हा दाराशी उभा राहायचा, शी दिवसातून चार वेळा आणि ढीगभर व्हायची, आणि पिशवी ठरलेल्या दिवसाच्या कितीतरी आधी संपायची. न पचलेले अन्न मी पैसे देऊन आणत होतो आणि पुन्हा उचलून टाकतही होतो.

छापील टक्केवारीलाही मर्यादा आहे. प्रथिने थेट मोजली जात नाहीत. नायट्रोजन मोजून त्यावरून आकडा काढतात. 2007 साली गव्हाच्या ग्लूटेनमध्ये नायट्रोजनयुक्त मेलामाइन मिसळल्याचे उघड झाले, कागदावर प्रथिने वाढलेली दिसली आणि अनेक कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे निकामी झाली. म्हणून मी निर्मात्याला पत्र लिहून विचारतो की, खाद्याची रचना करणारा पशुपोषणतज्ज्ञ कोण आहे, कारखाना स्वतःचा आहे की दुसऱ्याचा, आणि प्रत्येक खेपेची तपासणी होते का. पशुवैद्यांची जागतिक संघटनाही ग्राहकाने असेच प्रश्न विचारावेत असे सुचवते. गोलगोल उत्तर आले, किंवा आलेच नाही, तर ते नाव मी यादीतून काढतो. या कसोटीला मोठ्या कंपन्यांची साधी, मध्यम किमतीची खाद्ये पुष्कळदा उतरतात, तर आकर्षक गोष्टी सांगणारी छोटी महागडी नावे अडखळतात.

सर्वांत मोठी बचत वाडग्यात होते. पेल्याने किंवा मुठीने मोजू नका, स्वयंपाकघरातला काटा वापरा. पुरिना या खाद्य बनवणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांनी 48 लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावून दीर्घकाळ केलेल्या अभ्यासात, आपल्या जोडीतल्या दुसऱ्या कुत्र्यापेक्षा 25 टक्के कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य, म्हणजे क्रमाने लावल्यास मधोमध येणारे, 13 वर्षे होते, तर जोडीतल्या दुसऱ्यांचे 11.2 वर्षे. पिशवीवरील तक्ता हा केवळ आरंभबिंदू धरा. बरगड्या दिसू नयेत पण हाताला सहज लागाव्यात, त्यानुसार ग्रॅम कमी-जास्त करा, आणि बिस्किटे वगैरे खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा.

मोठी पिशवी स्वस्त पडते म्हणून अति मोठी घेण्याची चूक मी केली आहे. उघडल्यावर चरबी हवेने खवट होते. शेवटचा पाव भाग कुत्र्याने हुंगून सोडला आणि तो फेकावा लागला. साधारण सहा आठवड्यांत संपेल एवढीच पिशवी घ्या, खाद्य मूळ पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात, थंड कोरड्या जागी ठेवा आणि तारीख व बॅच क्रमांक जपून ठेवा. खाद्य परत मागवले गेले तर तोच क्रमांक लागतो.

नवे खाद्य सात ते दहा दिवसांत, जुन्यात थोडे थोडे मिसळत वाढवा आणि मग निदान दोन महिने तेच चालू ठेवून शी घट्ट आहे का, केस तुकतुकीत आहेत का, वजन स्थिर आहे का हे पाहा. मूत्रपिंड, स्वादुपिंड किंवा मूत्रमार्गाचा आजार असलेल्या कुत्र्याला मात्र यातले काही लागू नाही. त्याचे खाद्य पशुवैद्यानेच ठरवायला हवे.